‘विधिनिषेधशून्य’ कुठे लिहावं, कुठे टाळावं

हा शब्द वाचताना अनेकांना मोर्चातला निषेध आठवतो आणि अर्थ हातून निसटतो. इथे निषेध म्हणजे मनाई. शब्दांची ही जोडी मीमांसेतली, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातली: ‘स्वर्गकामो यजेत’ (स्वर्ग हवा त्याने यज्ञ करावा) हा विधी, ‘न कलञ्जं भक्षयेत्’ (कलंज हा निषिद्ध पदार्थ खाऊ नये) हा निषेध. काय करावं आणि काय करू नये, यातलं काहीच जो मानत नाही तो विधिनिषेधशून्य.

म्हणून आधी एवढं तपासा: त्या माणसाला बरं-वाईट कळतं का? कळूनही पर्वा नसेल तरच हा शब्द बसतो. पोरं आजारी पडतील हे ठाऊक असून दुधात युरिया कालवणाऱ्याला तो नेमका लागू पडतो. तान्हं मूल किंवा वाघ नीतिनिरपेक्ष असतात. त्यांना हा शब्द लावू नये.

सगळ्यात जास्त घोळ ‘अनैतिक’मुळे होतो. ‘अनैतिक संबंध’ बातम्यांत इतका रुळलाय की एखाद्या व्यापाऱ्याला अनैतिक म्हटलं तर वाचक त्याच्या हिशेबाच्या वह्या सोडून घरात डोकावतो. पैशाची लबाडी सांगायची असेल तर ‘अनैतिक’ टाळाच. युती, तडजोड, पक्षांतर यांना ‘तत्त्वशून्य’ शोभतं. ‘नीतिभ्रष्ट’ मात्र आधी नीती पाळणाऱ्यालाच म्हणावं, कारण भ्रष्ट म्हणजे घसरलेला. ‘निर्लज्ज’ वेगळा: विधिनिषेधशून्य माणूस चारचौघांत अतिशय सभ्यही वागू शकतो.

वाक्यात विशेषणापेक्षा नाम घेतलं तर मराठी मोकळी वाटते. ‘तो विधिनिषेधशून्य आहे’ यापेक्षा ‘पैशाच्या बाबतीत त्याला कसलाच विधिनिषेध नाही’ किंवा ‘कसलाही विधिनिषेध न बाळगता त्याने भावाची जमीन विकली’ हे सरस. नाम पुल्लिंगी, म्हणून ‘कसलाच’, ‘कसलीच’ नव्हे. बोलताना एवढा जड शब्द नको असेल तर ‘त्याला काही धरबंधच नाही’ म्हणावं. मात्र त्यात कपटापेक्षा बेतालपणा जास्त ऐकू येतो.

लेखनात चुका ठरलेल्या. ‘विधी’, ‘नीती’ सुटे असताना शेवट दीर्घ; समासात गेले की ऱ्हस्व: विधिनिषेध, नीतिभ्रष्ट. ‘नीतिभ्रष्ट’चा ‘नी’ मात्र दीर्घच राहतो. आणि ‘तत्त्वशून्य’मधल्या ‘त्त्व’ या जोडाक्षरात दोन त, कारण मूळ तत् + त्व.