मेमरी बग फिक्स करताना या चुका टाळा (आणि फ्री() ला हात लावू नका)

सी मधला प्रोग्रॅम क्रॅश झाला, जीडीबी या डिबगरमध्ये बॅकट्रेस (क्रॅशपर्यंतच्या फंक्शन कॉल्सची यादी) बघितला, वर फ्री() (घेतलेली मेमरी परत देणारं फंक्शन) दिसला, म्हणून ती लाईनच कमेंट केली. हे बघून बघून वीट आलाय. अरे बाबांनो, हीपची (प्रोग्रॅम चालताना मागून घेतो त्या मेमरीची) वाट आधीच कुठेतरी लागलेली असते, फ्री() नुसता बोंब मारतो.

आमच्याकडे सी मधली एक लॉग गोळा करणारी युटिलिटी होती, सगळीकडे मजेत चालायची आणि एकाच सर्व्हरवर आपटायची. एका नव्या पोराने फ्री() उडवला, क्रॅश गेला, तिकीट बंद, साहेब खूश. मग प्रोसेसची मेमरी फुगायला लागली तेव्हा ते माझ्या गळ्यात. बघतो तर सर्व्हरच्या नावासाठी मॅलॉक(स्ट्रलेन(होस्ट)), म्हणजे नावाच्या लांबीएवढीच मेमरी, स्ट्रिंग संपल्याची खूण असलेल्या शून्य बाइटसाठीचा पुढचा +१ गायब. बाकी सर्व्हरवर चालायचं कारण ६४-बिट लिनक्सवर ग्लिबसी (तिथली सी लायब्ररी) कमीत कमी २४ बाइट देतंच, मग ४०, मग ५६. नाव २३ अक्षरी असेल तर शेवटचा शून्य बाइट आत मावतो, बरोबर २४ झालं की तो मेमरीच्या शेजारच्या तुकड्याचा साइझ लिहिलेला असतो त्यावर जाऊन बसतो. त्या सर्व्हरचं नाव मोजलं. २४.

म्हणून मी बॅकट्रेसवर डोकं फोडण्याआधी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरी तपासणारा कंपायलरचा पर्याय) लावून परत बिल्ड करतो, तो चुकीचं लिहिलं तिथेच पकडतो आणि तो तुकडा कुठे घेतला होता तेही दाखवतो. व्हॅलग्राइंड (प्रोग्रॅम चालवून मेमरीच्या चुका शोधणारं टूल) पण चालेल, हळू आहे, पण तेवढाही धीर नसेल तर सी च्या वाटेला जाऊ नका. स्टॅकवरचे (फंक्शनच्या आतले लोकल) अ‍ॅरे मात्र व्हॅलग्राइंडला नीट दिसत नाहीत.

"एवढ्याशा टूलमध्ये कसला बग?" म्हणणाऱ्यांनी सुडो (लिनक्सवर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या नावाने कमांड चालवणारं टूल) बघा. आर्ग्युमेंटच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश आला की कॉपीचा लूप शून्य बाइट ओलांडून पुढचं वाचत, हीपवर लिहीत सुटायचा. २०११ पासून होतं, क्वालिस या सिक्युरिटी कंपनीच्या लोकांनी जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं, तोवर कोणीही साधा लोकल युजर रूट होऊ शकत होता. तेव्हापासून रिकामी स्ट्रिंग आणि शेवटी बॅकस्लॅश, या दोन टेस्ट मी प्रत्येक टूलला मारतो.

बाकीचं पटापट:

बफर २५६ चा ५१२ केला म्हणजे फिक्स नाही.

प्रिंटएफ टाकल्यावर बग गायब झाला? गेला नाही, सरकला.

रिअ‍ॅलॉकचं (तुकडा लहानमोठा करणाऱ्या फंक्शनचं) उत्तर थेट जुन्या पॉइंटरमध्ये घेऊ नका, फेल झाला की जुना तुकडा हातचा गेला.

स्ट्रएनकॉपी (ठराविक लांबीपर्यंतच स्ट्रिंग कॉपी करणारं फंक्शन) जागा भरली तर शेवटी शून्य टाकत नाही.

व्हॅलग्राइंडच्या रिपोर्टमधली पहिली एरर आधी सोडवा, खालच्या बऱ्याच तिच्यामुळेच असतात, आणि 'स्टिल रीचेबल' (परत दिली नाही, पण पॉइंटर अजून हातात आहे अशी मेमरी) दिसलं म्हणून रात्री मला फोन करू नका.