मंजूर झालं, मग पैसे कुठे अडले? शिष्यवृत्ती आणि विद्यावेतनाच्या या चुका टाळा

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला, प्रिंट काढली, कॉलेजच्या खिडकीत दिली की आपलं काम संपलं, असं समजणारी पोरं मराठवाड्यात दर वर्षी भेटतात. मग वर्ष संपत आलं की तीच समाजकल्याणच्या कार्यालयात मोबाईल पुढे करून उभी राहतात: "सर, मंजूर दाखवतंय, पैसे कधी पडतील?" अर्ज भरणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पैसा अडतो तो त्याच्या आधी किंवा नंतर. आणि ऊसतोड कामगाराच्या, एकल आईच्या किंवा आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या पोराला हे सगळ्यात जास्त भोवतं, कारण खोलीभाडं भरायला त्याच्याकडे दुसरा पैसाच नसतो.

पासबुक आहे म्हणजे खातं तयार आहे, हा समज

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आधारवरून येणारा डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा पासबुकावरचा खाते क्रमांक बघत नाही. एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार फिरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत तुमच्या आधारपुढे जी बँक लागली असेल, तिथे तो जातो. त्या नोंदीत एका वेळी एकच बँक राहते, शेवटी जोडलेली. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, केवायसी झालं, म्हणजे ही नोंद झाली असं नाही. तिच्यासाठी वेगळा संमती अर्ज द्यावा लागतो. काउंटरवरचे साहेब "लिंक आहे की" म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा केवायसीबद्दल बोलत असतात.

नेहमीचं प्रकरण असं असतं. धारूरकडचा मुलगा छत्रपती संभाजीनगरला शिकायला येतो आणि नवं सिम घेतो. दुकानदार दोनदा अंगठा लावून घेतो. सिमबरोबर एक पेमेंट्स बँकेचं खातंही उघडलं जातं आणि आधारची नोंद तिकडे सरकते. पोर गावच्या शाखेत पासबुक भरून घेत बसतं, आणि शिष्यवृत्ती पडलेली असते त्या सिमच्या खात्यात. पुढे रिचार्ज संपतो, सिम बंद पडतं, आणि पैसे कुठे आहेत हे कळेपर्यंत वर्ष जातं. पोर्टल मात्र रक्कम जमा झाल्याचंच दाखवत असतं, त्यामुळे तक्रारही कुणी ऐकून घेत नाही.

उपाय पाच मिनिटांचा आहे. 'माय आधार'च्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडायचं. दोनच गोष्टी बघायच्या: बँकेचं नाव कोणतं आणि स्थिती 'ॲक्टिव्ह' आहे का. नाव भलतंच निघालं तर जिथे पैसे हवेत त्या बँकेत संमती अर्ज द्यायचा, त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहायचं आणि आठवड्याने पुन्हा तपासायचं. अर्ज भरण्याआधी एकदा आणि मंजुरीनंतर एकदा बघायची सवय लावा.

खात्याचा प्रकारही बघून घ्या. पूर्ण केवायसी नसलेल्या 'छोट्या खात्या'त एका वेळी ५०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही आणि वर्षाला १ लाखापर्यंतच जमा होऊ शकतं. सरकारी अनुदानाच्या जमेला शिल्लकेची मर्यादा लागू नाही, तरी पूर्ण केवायसी करून घेतलेलं बरं. शाळेत असताना उघडलेलं अल्पवयीनाचं खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्या सहीने आणि नव्या केवायसीने चालू करून घ्यावं लागतं. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, म्हणून त्यात अधूनमधून शंभर रुपये तरी फिरवत राहा.

ओटीपी फडात, फॉर्म कॅफेत

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पोराच्या आधारला नंबर बापाचा, आणि बाप सांगली-कोल्हापूरकडे नाही तर कर्नाटकात ऊस तोडतोय. फोन कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, बंद पडलेला. ओटीपी काही मिनिटांत मरतो, आणि रात्री आठला बाप फोन लावून विचारतो, "कसला नंबर आला होता रे?"

मग कॅफेवाला तोडगा काढतो. आधारशिवाय नोंदणी करतो, स्वतःचा मोबाईल टाकतो आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत ठेवतो. त्या दिवशी काम होतं. पुढे कॉलेज अर्जात त्रुटी काढून तो परत पाठवतं, त्याचा मेसेज कॅफेवाल्याला जातो, आणि त्याच्याकडे असे शेकडो अर्ज असतात. दुरुस्तीची मुदत निघून जाते. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायला जावं तर पासवर्ड नाही, म्हणून कुणीतरी नवीनच प्रोफाइल उघडतं. एका विद्यार्थ्याची दोन प्रोफाइल झाली की ते निस्तरायला पहिल्या वर्षीच्या अर्जाला लागला नसेल इतका वेळ लागतो. घाई झालेल्यांनाच हा तोडगा आवडतो, आणि त्यात कॅफेवाल्यापेक्षा चूक त्यांचीच जास्त.

आधारला स्वतःचा नंबर लावून घ्या. आधार केंद्रावर स्वतः जा. कागद लागत नाही, अंगठा लागतो. अंगठा जुळत नसेल तर बहुधा पंधराव्या वर्षीचं बायोमेट्रिक अपडेट राहिलेलं असतं. तेही तिथेच होतं. युजर आयडी आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा. फॉर्म कॅफेत भरला तरी मोबाईल आणि ईमेल तुमचाच. अर्ज गेल्यानंतर दर रविवारी लॉगिन करून स्थिती बघा.

दाखला जूनमध्ये काढणं

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. नवा एप्रिल-मेमध्येच काढा. टोळ्या परत आलेल्या असतात, वडील गावात असतात, तलाठ्याचा अहवाल लगेच मिळतो. लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदत १५ दिवसांची आहे, पण जूनमध्ये सेतूवर अर्धा तालुका उभा असतो. एकाच घरातल्या दोन भावंडांच्या दाखल्यांवर दोन वेगळे आकडे नसावेत. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख आहे. मजुराच्या घराला आकडा ओढूनताणून खाली आणायची गरजच पडत नाही.

बाकीच्या चुका

आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खातं, तिन्हींवर नाव एकसारखं हवं. 'शेख', 'बी', 'बाई', वडिलांच्या नावाचा क्रम, इथेच गाडी अडते. गुणपत्रिका प्रमाण धरा आणि बाकीचे कागद तिच्याप्रमाणे करून घ्या.

जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच द्या. सीईटीचा निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांबद्दल सहानुभूती उरलेली नाही.

स्वाधार योजना (अनुसूचित जाती-नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी) आहे ती शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी. तरीही पोरं वसतिगृहाचा अर्ज टाळून थेट स्वाधार मागतात. संभाजीनगरसारख्या शहरात वर्षाला ५१,००० रुपये म्हणजे भोजन २८,०००, निवास १५,०००, निर्वाह ८,०००. भाडेकरार नसेल, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली असेल, तर अडकलात. शिवाय दोन विभागांचे निर्वाह भत्ते एकाच वर्षी चालत नाहीत. एक निवडा.

"मुलींना फी माफ आहे, अर्ज कशाला?" हे २०२४-२५ पासून फार ऐकू येतं. माफी आहे, पण ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, केंद्रीभूत प्रवेशातून आलेल्यांना. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर नाही. आणि महाडीबीटीचा अर्ज तरीही भरावाच लागतो.

शिष्यवृत्तीतला शिक्षण शुल्काचा भाग तुमच्या खात्यात आला, तर तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. त्यातून मोबाईल घेतलात तर परीक्षेच्या वेळी कॉलेज हॉलतिकीट अडवतं, आणि मग पालक कर्ज काढतात.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत काम शिकताना विद्यावेतन म्हणून बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये मिळतात. वय १८ ते ३५. ही नोकरी नाही, आणि शिक्षण चालू असलेल्यांसाठीही नाही. विद्यावेतन हजेरीवर निघतं, तेही वर सांगितलेल्या आधारच्याच खात्यात. रुजू झाल्यापासून हजेरीची स्वतःची नोंद ठेवा, आणि महिनाअखेर आस्थापनेने हजेरी ऑनलाइन पाठवली का ते विचारा. लाजू नका. ती पाठवायला विसरणारी कार्यालयं भरपूर आहेत.