उंच पिवळं फूल म्हणजे सूर्यफूलच? प्रेअरीत या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय, आयोवा किंवा विस्कॉन्सिनच्या प्रेअरीत, म्हणजे उंच गवताच्या माळरानात, डोक्यापेक्षा उंच पिवळी फुलं दिसली की ‘रानसूर्यफूल’ म्हणून नोंद होते. त्यातली बरीच सूर्यफूल कुलातल्याच, पण वेगळ्या अशा सिल्फियम प्रजातीची असतात.

घोळ सुरू होतो तो फुलाचा फक्त समोरून फोटो काढल्यामुळे. समोरून दोन्ही जवळपास सारखीच. फूल न तोडता हलकेच वाकवून मागची बाजू पाहा: सिल्फियमची हिरवी छदं (फुलाखालचे पानासारखे भाग) रुंद आणि एकावर एक चढलेली, सूर्यफुलाची बहुधा अरुंद, टोकदार. पक्की खूण मात्र बी धरल्यावर मिळते. सिल्फियममध्ये बी धरतं ते कडेच्या पाकळ्यांच्या तळाशी, चपट्या बियांचं कडं दिसतं आणि मधली चकती वांझ राहते. सूर्यफुलात नेमकं उलट, बिया सगळ्या चकतीत.

सिल्फियम ठरलं की जात पानांवरून ओळखायची, आणि त्यासाठी नजर थेट जमिनीपर्यंत न्यायला हवी. कम्पास प्लांटची पानं खोलवर चिरलेली, खोडावर राठ केस. प्रेअरी डॉकची प्रचंड, खरखरीत पानं बुडाशीच असतात. फुलांचा दांडा गुळगुळीत, जवळजवळ उघडा. कप प्लांटचं खोड तुळशीसारखं चौकोनी, आणि समोरासमोरच्या पानांचे तळ जुळून खोडाभोवती पावसाचं पाणी साठवणारी वाटी होते. वाटीत पाणी नाही म्हणून हे नाव खोडू नका. कोरड्या दिवसांत ती रिकामीच असते. रोझिनवीडची पानंही समोरासमोर आणि बिनदेठाची, पण तळ जुळलेले नसतात, खोडही गोल. कप प्लांट आणि रोझिनवीड यांची गल्लत सहज होते, म्हणून खोड बोटांत फिरवून पाहाच.

कम्पास प्लांटच्या बुडाच्या पानांच्या कडा उत्तर-दक्षिण वळतात हे खरं, पण भरपूर उन्हात. सावलीतल्या झाडावर दिशा ताडून पाहू नका. पहिल्या वर्षाच्या रोपाचं पान चिरलेलंही नसतं आणि फूल यायला कित्येक वर्षं लागतात, त्यामुळे रोपाला जातीचं नाव द्यायची घाई नको.

कम्पास प्लांट आणि प्रेअरी डॉक शेजारी वाढत असतील तर त्यांचा संकरही सापडतो: पान मोठं, पण अर्धवटच चिरलेलं. तिथे एकच नाव ठोकून न देता दोन्ही नावं लिहा आणि बुडाच्या पानाचा फोटो जोडा.