उताराच्या जमिनीवर समपातळी रेषा कशी आखावी

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरात ४,०४७ चौरस मीटर असतात. म्हणजे २५ मिलिमीटरच्या एका चांगल्या पावसात तुमच्या एकरभर माळावर लाख लिटर पाणी पडतं, आणि उतार मोकळा असेल तर त्यातलं बरंचसं माती घेऊन ओढ्याला मिळतं. ते अडवायला समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीच्या रेषेत जाणारे चर काढायचे, हे आता गावोगाव माहीत आहे. चर खोदणं कष्टाचं असलं तरी सोपं आहे. रेषा आखणं मात्र नेमकेपणाचं काम आहे, आणि सल्ले देणारे तिथेच घाई करतात.

आधी जमीन बघा. हे सगळं हलक्या, मुरमाड उतारासाठी आहे. भारी काळ्या रानात चर काढलात तर पाणी साचून मुळं कुजतील. तिथे पाणी हळूहळू बाहेर नेणारे, किंचित उताराचे ढाळीचे बांध आणि जादा पाण्याला सांडवा हवा. घराच्या मागे उभा डोंगर असेल तर त्यावर पाणी मुरवायच्या फंदात जाणकाराला विचारल्याशिवाय पडू नका.

रेषा आखायला इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट लागते, तिला ए-फ्रेम म्हणतात. त्यासाठी घ्या सात फुटांचे दोन वाळलेले बांबू, चार फुटांची आडवी काठी, सुतळी, मुठीएवढा दगड, खुंट्या आणि रेषा आखायची पांढरी फक्की. बांबूंची टोकं एकत्र बांधा, पाय साधारण दोन मीटर फाकवा, मध्यावर आडवी काठी घट्ट बांधा आणि टोकापासून दगडाचा ओळंबा असा सोडा की दोरी काठीला घासणार नाही, जेमतेम स्पर्श करेल. ओला बांबू घेऊ नका. तो सुकला की गाठी ढिल्या पडतात. झाला ए-फ्रेम.

आता खरा टप्पा: आडव्या काठीवर समपातळीची खूण करणं. शिकताना मला सर्वांत जड गेला तो हाच. बहुतेक ठिकाणी सांगतात, काठी मोजा आणि बरोबर मध्यावर खूण करा. असं अजिबात करू नका. दोन बांबू कधीच तंतोतंत सारखे नसतात आणि आडवी काठीही थोडी तिरपी बांधली जातेच. मोजून काढलेला मध्य हा काठीचा मध्य असतो, समपातळीचा नव्हे.

थोडी उताराची, टणक जागा निवडा. दोन्ही पाय जिथे टेकतात तिथे चपटे दगड घट्ट बसवा. ओळंबा शांत झाला की दोरी काठीला जिथे लागते तिथे बारीक रेघ मारा. मग चौकट उचला, अर्धी फिरवा आणि पायांची अदलाबदल करून त्याच दोन बिंदूंवर ठेवा. अंदाजे तिथेच ठेवून चालत नाही. बोटभर सरकली तरी सगळं फुकट. दुसरी रेघ मारा. या दोन रेघांचा मध्य हीच समपातळीची खूण. जमिनीचा उतार एकदा दोरीला डावीकडे नेतो, एकदा तेवढाच उजवीकडे, म्हणून मध्यावर तो नाहीसा होतो.

इथे थांबू नका. एका दगडाखाली माती घालून किंवा काढून दोरी मधल्या खुणेवर आणा आणि पाय पुन्हा बदला. दोरी परत त्याच खुणेवर आली तरच चौकट जुळली. गटाला शिकवताना ही पडताळणी मी प्रत्येकाच्या हातून करून घेते, मग दुपार झाली तरी चालेल. वारा असेल तर दगड जड घ्या किंवा सकाळी लवकर काम करा. गाठ सैल झाली, चौकट पडली, पायाचं टोक झिजलं, की पुन्हा जुळवा. मोबाइलमधलं पातळी दाखवणारं ॲप या कामात मला नको. मोबाइल काठीवर जरा तिरपा बसला की तेही चुकीचंच सांगतं.

चालण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. चौकट उचलून तशीच पुढे ठेवत गेलात आणि खूण किंचित चुकलेली असेल, तर चूक दर टप्प्याला साठत जाते. टप्प्याला एक सेंटिमीटर धरा. ५० मीटरच्या रेषेत २५ टप्पे होतात, म्हणजे २५ सेंटिमीटर उतार. ३० सेंटिमीटर खोल चरात एवढा उतार असेल तर पाणी सगळं एका टोकाला जाईल, चराखाली टाकलेल्या मातीचा भराव फोडेल आणि तिथून नवी घळ पडेल. त्यापेक्षा चर न काढलेला बरा. म्हणून पुढचा पाय जागेवर ठेवून मागचा पाय कंपाससारखा फिरवून पुढे आणा. असं केलं की एका टप्प्याची चूक पुढच्या टप्प्यात उलटी होऊन फिटते. पाय ढेकळावर किंवा खड्ड्यात नको, साध्या जमिनीवर टेकवा. दोरी खुणेवर आली की पायाशी खुंटी.

खुंट्यांची ओळ वेडीवाकडी दिसेल. एखाददुसरी खुंटी हातभर सरकवून वळण सौम्य करा, पण ओळ सरळ करू नका. यंत्रवाल्याला कुंपणाला समांतर सरळ चर हवा असतो, कारण त्याचं काम लवकर उरकतं. त्याचं ऐकू नका. फक्की मारून घ्या आणि तो खोदत असताना शेजारी उभे राहा.

सुरुवात माथ्याकडून. माती चराच्या खालच्या अंगाला, काठापासून फूटभर सोडून टाका. मधे मधे हातभर जमीन न खोदता ठेवा, म्हणजे एका खणातलं पाणी दुसऱ्यात धावणार नाही.

रेषा तुमच्या हद्दीपाशी संपत नाही, म्हणून आखतानाच वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांना बोलवा. १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत चळवळ उभी करणारे विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला ४० एकर माळावर काम केलं, तेव्हा उतारावर बांध, पायथ्याला पाझर तलाव आणि त्याखाली विहीर अशी एकसंध रचना केली. एक-दोन एकरवाल्यांना असं काही हवं असेल तर चार-पाच जणांनी मिळूनच आखावं लागतं.

भरावावर शेवगा, गिरिपुष्प, कडेला वाळा किंवा गवती चहा लावा. मुळं माती धरून ठेवतात.

पहिला मोठा पाऊस उघडला की कुदळ घेऊन शेतात जा. चरात पाणी सगळीकडे सारखं उभं असेल तर रेषा बरोबर आहे. एका बाजूला खोल आणि दुसरीकडे कोरडं असेल तर कोरडी बाजू त्याच दिवशी, माती मऊ असतानाच, खोल करून घ्या.