पॉपअप बनवताना या चुका टाळा

इतरांनी बनवलेले सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती जाण्यापूर्वी तपासून देणे हे गेली काही वर्षे माझे काम आहे, आणि पॉपअपच्या त्याच त्या चुका पाहून आता मला त्यांचे आश्चर्यही वाटेनासे झाले आहे. पॉपअप, म्हणजे चालू पडद्यावर मध्येच उघडणारी छोटी चौकट, दाखवणे म्हणजे काम करणाऱ्याचा हात मध्येच धरणे होय. तसे करण्याइतके कारण आपल्याकडे आहे का, हा प्रश्न नवशिक्यांना सहसा पडत नाही, कारण कोणत्याही लायब्ररीतून (आयत्या कोडच्या संग्रहातून) तयार पॉपअप दोन ओळींत आणता येतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ऊठसूट "आपली खात्री आहे का?" असे विचारणे. ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये पिग्मीची प्रत्येक नोंद जतन करताना हा प्रश्न मीच टाकला होता आणि एंटर दाबताच काम व्हावे म्हणून फोकस, म्हणजे कीबोर्डने आपोआप निवडले जाणारे ठिकाण, 'होय' या बटणावर ठेवला होता. काउंटरवरच्या बाई रोज संध्याकाळी दीड-दोनशे नोंदी भरत असत. आठवडाभरातच त्यांचे बोट एंटरवर आपोआप दोनदा पडू लागले. नोंदी पुसतानाही तोच पॉपअप, तेच वाक्य आणि तोच फोकस होता. मार्चअखेरच्या गडबडीत एका एजंटाची त्या दिवसाची संपूर्ण यादी पुसली गेली, तेव्हा बाई शपथेवर सांगत होत्या की संगणकाने आपल्याला काहीही विचारले नाही. लॉग (सॉफ्टवेअरने आपोआप ठेवलेली घडामोडींची नोंद) पाहिला, तर पॉपअप अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ उघडा होता. मी आधी त्यांनाच दोष दिला, याची आजही लाज वाटते. दीडशे वेळा निरर्थक प्रश्न विचारून एकशे एक्कावन्नाव्या वेळी त्यांनी तो वाचावा, ही अपेक्षाच मूर्खपणाची होती. ती रात्र आम्ही कागदी पावत्यांवरून नोंदी पुन्हा भरण्यात घालवली.

तेव्हापासून जतन करताना मी काहीही विचारत नाही. पुसलेली नोंद लगेच नष्ट न करता बाजूला ठेवतो आणि पडद्याच्या तळाशी 'परत आणा' असे बटण देतो. खाते कायमचे बंद करण्यासारखी, खरोखर परत फिरवता न येणारी कृती असेल तरच पॉपअप दाखवतो; त्यातही फोकस निरुपद्रवी बटणावर असतो आणि वाक्यात नेमके काय व किती जाणार आहे ते लिहिलेले असते. "४२ नोंदी कायमच्या पुसल्या जातील" हे वाक्य माणूस वाचतो, खात्रीचा प्रश्न मात्र वाचत नाही.

दुसरी चूक खास मराठी पडद्यांवर जास्त छळते. "तिकीट रद्द करायचे आहे का?" या प्रश्नाखाली 'ठीक आहे' आणि 'रद्द करा' अशी दोन बटणे मी इतक्या वेळा पाहिली आहेत की मोजणे सोडून दिले. इंग्रजीतल्या 'कॅन्सल'चे शब्दकोशातून भाषांतर करून सगळ्या पॉपअपमध्ये एकच शब्द चिकटवला की असे होते. इंग्रजीतही हा घोळ होतो, पण मराठीत 'रद्द करा' ही सरळ आज्ञाच असल्याने तिकीट रद्द करू पाहणारा माणूस बिनदिक्कत तेच बटण दाबतो, पॉपअप बंद होतो आणि तिकीट तसेच राहते. 'तिकीट रद्द करा' आणि 'तिकीट राहू द्या' असे लिहायला किती वेळ लागतो? प्रश्नावर हात ठेवून नुसती बटणे वाचायची आणि काय होईल ते कळते का पाहायचे, ही माझी सवय आहे. ब्राउझरचा 'कन्फर्म' हा आयता प्रश्न-पॉपअप वापरणाऱ्यांना हे करताच येत नाही, कारण त्यातील बटणांवरचे शब्द आपल्याला बदलता येत नाहीत. बटणांच्या जागेवरही भिस्त ठेवू नये: विंडोजमध्ये मुख्य बटण 'कॅन्सल'च्या डावीकडे असते, तर मॅकवर उजवीकडे.

साध्या डिव्हला (वेबपानावरच्या साध्या चौकटीला) भलामोठा झेड-इंडेक्स, म्हणजे इतरांच्या वर दिसण्याचा क्रमांक, देऊन पॉपअप बनवण्याची हौस आता पुरे झाली. वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेतला, खास पॉपअपसाठीचा डायलॉग हा घटक २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो. तो 'शोमोडल' या आज्ञेने उघडला की मागचे पान निष्क्रिय होते, एस्केपने तो बंद होतो आणि फोकस आधीच्या जागी परततो. हाताने बनवलेल्या पॉपअपमध्ये टॅब दाबल्यावर फोकस मागच्या पानावर भटकत असतो, आणि स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध व्यक्तीला आपण कुठे आहोत हेच कळत नाही.

पान उघडताक्षणी वर्गणीचा पॉपअप आदळू नये. मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा पानांना गूगलने जानेवारी २०१७ पासून शोधात खाली ढकलायला सुरुवात केली, आणि पॉपअप जाहिरातीचा कोड लिहिणाऱ्या इथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' अशी लाजवणारी बटणे तर भारतात नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहेत.

पॉपअपवर पॉपअप उघडू नये. ज्यात अर्ज भरायचा आहे असा पॉपअप बाहेर चुकून बोट लागल्यामुळे बंद होऊ नये. बटणाची रुंदी इंग्रजी शब्दावरून ठरवू नये, आणि ओळींची उंची मराठी मजकूर घालूनच तपासावी, अन्यथा वेलांट्या व रफार वरून कापले जातात. शेवटची तपासणी स्वस्तातल्या छोट्या फोनवर कीबोर्ड उघडा ठेवून करावी. 'जतन करा' हे बटण त्या कीबोर्डखाली गेल्याचे मला गेल्याच आठवड्यात पुन्हा एकदा आढळले.