परदेश दौऱ्याची फाईल : पहिली ओळ ‘खर्च कोणाचा’

परदेशातून निमंत्रणाचा मेल आला की आमच्या कॉलेजातले सर-मॅडम आधी घरी सांगतात, मग स्टाफरूममध्ये पेढे वाटतात, मग तिकिटांचे भाव बघत बसतात. ऑफिसला कळतं सगळ्यात शेवटी, तेही बहुधा ‘ताई, उद्या व्हिसाची अपॉइंटमेंट आहे, तेवढी एनओसी टाइप करून द्या ना’ अशा सुरात. मी नाशिकमधल्या एका अनुदानित कॉलेजात आस्थापनेचं टेबल सांभाळते. एनओसी टाइप करायला पाच मिनिटं लागतात. पण तिच्यावर सही व्हायची तर तिच्यामागे एक फाईल लागते, आणि ती फाईल विभागप्रमुख, प्राचार्य, संस्था अशी पायऱ्या चढत जाते. वरच्या पायऱ्यांवर माणसं बैठकीत असतात.

माझ्या टेबलावर आलात की मी देश कोणता ते आधी विचारत नाही. खर्च कोण करतंय ते विचारते. स्वतःच्या खिशातून जाणार असाल तर रजा आणि परवानगी एवढ्यावर भागतं. कॉलेज किंवा विद्यापीठ पैसे देणार असेल तर आधी तरतूद आणि मंजुरी, मग तिकीट. मंजुरीच्या तारखेआधीचं तिकीट ऑडिटवाले हमखास बाजूला काढतात. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसारख्या सरकारी यंत्रणेकडून प्रवास अनुदान मागायचं असेल तर अर्ज दौऱ्याच्या आधीच गेला पाहिजे आणि अर्थातच इकॉनॉमी क्लासच धरायचा.

चौथा प्रकार सगळ्यांना सगळ्यात सोपा वाटतो: ‘मॅडम, कॉलेजचा एक रुपया नाही, सगळं तेच करणार आहेत.’ इथेच मी पेन खाली ठेवते. परदेशी संस्थेनं तुमचं विमानभाडं, राहणं, जेवण किंवा तिकडचा प्रवास फुकट केला, तर कायद्याच्या भाषेत ते परदेशी आदरातिथ्य होतं. परकीय अंशदान (नियमन) कायदा, २०१०, म्हणजे एफसीआरए, त्याचं कलम ६ असं सांगतं की सरकारी नोकर आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांचे कर्मचारी यांनी असं आदरातिथ्य घेण्याआधी केंद्र सरकारची परवानगी घ्यायची. अर्ज गृह मंत्रालयाकडे ऑनलाइन, फॉर्म एफसी-२. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी तो पोहोचावा असा नियम आहे. मी महिना-दीड महिना धरते. अर्जाला निमंत्रणपत्र आणि तुमच्या वरिष्ठ कार्यालयाची शिफारस लागते, म्हणजे पुन्हा तीच पायऱ्या चढणारी फाईल. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचं निमंत्रण असेल तर त्या ‘परदेशी स्रोत’ या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. परदेशात असताना अचानक आजारी पडलात आणि तिथल्या कोणी उपचारांचा खर्च केला, तर आधी परवानगीची अट नाही, पण महिन्याच्या आत सरकारला कळवायचं असतं. शासकीय महाविद्यालयातल्यांनी तर यात शंकाच काढू नये. खासगी संस्थेच्या अनुदानित कॉलेजातले असाल तर ‘आपण या व्याख्येत बसतो का’ हे संस्थेला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. स्टाफरूममधल्या अनुभवी सरांचं ‘काही लागत नाही हो’ फाईलला लावता येत नाही.

आता रजा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत शिक्षकांना शैक्षणिक वर्षात जास्तीत जास्त ३० दिवस कर्तव्य रजा आहे. परिषद, व्याख्यान, दुसऱ्या विद्यापीठाचं निमंत्रण हे सगळं त्यात बसतं. पगार पूर्ण मिळतो. मात्र तिथेच एक वाक्य आहे, जे फारसं कोणी वाचत नाही: नेहमीच्या खर्चापेक्षा जास्त मानधन किंवा फेलोशिप मिळत असेल तर ही रजा कमी पगारावरही मंजूर होऊ शकते. म्हणून निमंत्रणपत्रातला आकडा अर्जात स्वतःहून लिहा. परिषद तीन दिवसांची आणि पुढे आठवडाभर स्वित्झर्लंड, असं असेल तर तो आठवडा कर्तव्य रजेत घुसडू नका. त्याला वेगळी रजा, वेगळी ओळ.

‘मे महिन्याच्या सुट्टीतच जातोय, मग परवानगी कशाला?’ हा प्रश्न दर एप्रिलला येतो. सुट्टी वर्गांना असते. मुख्यालय सोडायची परवानगी तेव्हाही लागते आणि देश सोडायची तर नक्कीच. शिवाय मे म्हणजे पुणे विद्यापीठाच्या परीक्षा आणि कॅपचं, म्हणजे केंद्रीय मूल्यांकनाचं, पेपर तपासणं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे परीक्षेचं काम शिक्षकाला बंधनकारक आहे. तुमच्या विषयाचे पेपर कोण तपासणार, ते नाव अर्जातच द्या. आमचे प्राचार्य तरी ते नाव दिसल्याशिवाय सही करत नाहीत.

पासपोर्टसाठी सरकारी किंवा वैधानिक संस्थेतल्या नोकरदारांना दोन वाटा आहेत. एक म्हणजे कार्यालयाची एनओसी, परिशिष्ट जी. ती अडकली असेल तर परिशिष्ट एच, म्हणजे ‘मी पासपोर्टला अर्ज करतोय’ असं कार्यालयाला आगाऊ कळवायचं आणि त्याची पोच अर्जाला जोडायची. पोच मागताना आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. पासपोर्ट असलेल्यांनी शेवटची तारीख आजच बघावी. परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक हवेत असं धरून चाला. विदाउट पे होईल इतका उशीर केवळ पासपोर्ट संपल्यामुळे झालेला मी पाहिला आहे.

विद्यार्थ्यांचं काम मला खरं तर आवडतं, कारण पोरं वेळेवर येतात आणि सांगितलेला कागद आणतात. त्यांची पहिली अडचण नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेली दोन नावं एकत्र. हा क्रम बदलला तरी चालतं, स्पेलिंग बदललेलं चालत नाही. कुठे एक ‘ए’, कुठे दोन. निमंत्रणपत्र, विमा, तिकीट, बोनाफाइड सगळं पासपोर्टवर आहे तसंच करून घ्या आणि मार्कशीटमध्ये फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आधी टाका. दुसरी अडचण पत्त्याची. सुरगाणा, पेठ, कळवणची मुलं इथे हॉस्टेलवर किंवा कॉलेज रोडला खोली करून राहतात, अर्जात गावचा पत्ता घालतात आणि पोलीस पडताळणीला तिथे कोणी नसतं. जिथे राहता तोच सध्याचा पत्ता द्या; कॉलेजचं बोनाफाइड आणि हॉस्टेलचा दाखला सोबत ठेवा.

गटानं जायचं असेल तर प्रत्येक पालकाचं संमतिपत्र हवं, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘ओके’ नव्हे. त्यात देश, तारखा, सोबत जाणारे शिक्षक, आजारपणात उपचारांची परवानगी आणि पैसे कोण देणार हे लिहिलेलं असावं, खाली सही. मुली असतील तर शिक्षिका सोबत हवीच. पहिल्या वर्षाला असलेली काही मुलं अठराची नसतात. त्यांची जन्मतारीख बघूनच यादी करा. हजेरीचं आणि अंतर्गत परीक्षेचं काय, हे विभागप्रमुखांकडून निघण्याआधी लिहून घ्या. सेमिस्टरभर किंवा त्याहून जास्त राहणाऱ्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करावी. गटप्रमुखाकडे भारतीय दूतावासाचा आपत्कालीन नंबर कागदावर असावा, कारण मोबाइल बंद पडतो.

युरोपला जाणाऱ्यांसाठी: शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाला, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जास्त दिवस ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे. विमान कुठे उतरतं त्यावर ते ठरत नाही. मुंबईची अपॉइंटमेंट घेताना दुपारची घ्या. पंचवटी एक्स्प्रेसनं जाऊन सकाळी नऊची वेळ गाठता येत नाही.

केनियासारख्या देशात जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्यावी. दाखला नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

वनस्पतिशास्त्र आणि शेतीवाल्यांना वेगळं सांगते. द्राक्षाची पानं, बियाणं, मातीतले जिवाणू हे ‘नमुने’ आहेत, प्रसाद नव्हे. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे संशोधनासाठी जैविक नमुना देशाबाहेर न्यायचा तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागू होतात. वनस्पतीचा भाग असेल तर फायटो सर्टिफिकेट, म्हणजे त्यावर कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखलाही लागतो. आपल्याकडे पिंपळगाव-निफाडच्या द्राक्ष निर्यातदारांना हे तोंडपाठ असतं, पीएचडी झालेल्यांना मात्र सांगावं लागतं. कॉलेजचं उपकरण नेणार असाल तर डेडस्टॉक रजिस्टरला (कॉलेजच्या कायम वस्तूंच्या वहीत) नोंद आणि विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, नाहीतर परत येताना ते तिथून विकत घेतलं नाही हे सिद्ध करत बसाल.

बॅगेतलं घरचं खाणंही तपासा. दिवाळीच्या सुमारास दुबईला जाणाऱ्या एका मॅडमच्या डब्यातले अनारसे मी इथेच काढायला लावले. अनारशावर खसखस असते आणि अमिरातीत खसखस बंदीच्या यादीत आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि ट्रॅमाडॉल यांवरही तिथे कडक नियंत्रण आहे. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषध मूळ पाकिटात.

पैसे नेताना परकीय चलनाच्या नोटा बहुतेक देशांसाठी एका दौऱ्याला ३,००० डॉलरपर्यंतच, बाकी कार्डावर. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत नेता येतात. विमान मुंबईहून असेल तर समृद्धी झाली म्हणून निवांत राहू नका. समृद्धी आमण्याला संपते आणि पुढे भिवंडी-ठाणे आहेच.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी रुजू अहवाल द्या. उचल घेतली असेल तर हिशेबाला बोर्डिंग पास लागतात. मोबाइलवरचा पास विमानात बसण्याआधी सेव्ह करा, प्रवास झाल्यावर तो अ‍ॅपमधून जातो. डॉलर-युरोचा दर गुगलचा नाही, बँकेच्या किंवा कार्डाच्या स्टेटमेंटवरचा लावतात, म्हणून त्या पानाची प्रिंट जोडा. परिषदेचा हजेरी दाखला आणि दोन पानी अहवालही सोबत द्या. रजेची नोंद सेवापुस्तकात झाली का ते स्वतः येऊन बघा आणि त्या पानाचा फोटो काढून घ्या. मंजुरीच्या आदेशाची झेरॉक्सही सांभाळा, पुढच्या दौऱ्याच्या फाईलला आधीच्या दौऱ्याची माहिती मागतात.