सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवताय? या चुका टाळा

आमच्या गोरेगावच्या सोसायटीत सोलरचं कोटेशन आधी आलं आणि गच्चीवर जाऊन नीट पाहणी झाली ती नंतर. त्या घाईची किंमत आम्ही मोजली. तुम्हाला ती मोजावी लागू नये म्हणून हे लिहितोय. ग्रिडवरून, म्हणजे वीज कंपनीच्या तारांतून, येणाऱ्या दर युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मुंबईत १० किलोवॉटचं सोलर वर्षाला १३-१४ हजार युनिट देतं, म्हणजे नऊएक टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. हे काम करण्यासारखं आहेच, फक्त नीट व्हायला हवं.

मे महिन्यात पाहिलेली सावली

आमची सगळ्यात महाग चूक हीच. कंत्राटदाराचा माणूस मे महिन्यात दुपारी आला, गच्चीभर लख्ख ऊन होतं, त्याने नकाशा काढला आणि आम्ही सह्या केल्या. मुंबईत मेच्या मध्यावर सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे कशाचीच सावली पडत नाही. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे कलून ४७-४८ अंशांवरच राहतो. दहा फूट उंच टाकीची सावली तेव्हा नऊ फूट उत्तरेला जाते, आणि सकाळी नऊला तर कितीतरी लांब. लिफ्टच्या मशीन रूममागची आमची एक अख्खी रांग हिवाळाभर सकाळी सावलीत असायची. पॅनेल माळेसारखी एकापुढे एक जोडलेली असतात, त्यामुळे दोन पॅनेलवरची सावली बाकीच्यांनाही मागे खेचते.

तुमच्याकडे हे झालं असेल तर आधी ती पॅनेल हलवता येतात का ते पाहा. जागाच नसेल तर प्रत्येक पॅनेलला ऑप्टिमायझर (ते पॅनेल बाकीच्यांपासून स्वतंत्र चालू देणारं छोटं यंत्र) लावता येतो, खर्च वाढतो पण बाकीची माळ सुटते. आणि अजून बसवायचं असेल तर कंत्राटदाराकडून २१ डिसेंबरच्या सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंतचा सावलीचा आराखडा लेखी मागा. शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे का, हेही विचारून घ्या. दक्षिणेला उद्या टॉवर उभा राहिला तर कुठलाही ऑप्टिमायझर उपयोगाचा नाही. तुमचीच बिल्डिंग चार-पाच वर्षांत पडणार असेल तर पॅनेल काढून पुन्हा बसवण्याचं कलम करारात हवंच.

"बिल कमी झालंच नाही"

सोसायटीचं सोलर सहसा कॉमन मीटरला जोडतात. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल उतरतं, तुमच्या घरातल्या एसीचं नाही. हे सर्वसाधारण सभेत आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर पुढच्या सभेत भांडण ठरलेलं.

किती किलोवॉट घ्यायचे हे गच्चीच्या मापावरून ठरवू नका. बारा महिन्यांची बिलं काढा, युनिटची बेरीज करा, १,३५० ने भागा (एक किलोवॉट वर्षाला साधारण एवढे युनिट देतो). त्याआधी वापर खाली आणा. आमच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकायचा, पाणी ओसंडून वाहायचं आणि पंप चालूच राहायचा. तो गळता वापर झाकायला पॅनेल घेणं म्हणजे पैसे पाण्यात. गरजेपेक्षा मोठं सोलर घेतलं तर जास्तीचे युनिट ग्रिडला जाऊन पुढच्या महिन्याच्या बिलात जमा होतात खरे, पण ३१ मार्चला उरलेल्यांना मिळणारा दर तुम्ही वीज घेता त्यापेक्षा बराच कमी असतो. मंजूर भारापेक्षा (वीज कंपनीने मीटरला मंजूर केलेल्या किलोवॉटपेक्षा) मोठी यंत्रणा तर घेताच येत नाही.

पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी भारतात बनलेल्या सेलचीच (पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या चकत्यांची) पॅनेल लागतात. स्वस्त कोटेशन दिसलं की आधी हे तपासा.

वीज गेली की सोलरही बंद

यात बिघाड काही नाही. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून सोलरचा साधा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र, घरातला बॅटरीवाला नव्हे) ग्रिड गेल्याबरोबर थांबतो. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची वीज गेली तेव्हा भर उन्हातही असं सोलर बंदच राहिलं असणार. लिफ्ट चालेल एवढी बॅटरी फार महाग पडते. मुंबईत वीज क्वचितच जाते, त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: सध्या बॅटरी घेऊ नका.

गच्ची गळायला लागली

स्लॅबला भोकं पाडून स्टँड बसवले की पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर ओल येते. वॉटरप्रूफिंग आधी करा, स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवा, आणि स्लॅब ते वजन पेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. ठोकळ्यांचं वजन कमी करून पैसे वाचवू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधं रंगवलेलं लोखंड लवकर गंजतं. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) स्टँड आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट करारातच लिहून घ्या.

निर्मिती अचानक घसरली तर

जुलैच्या आकड्याची एप्रिलशी तुलना करू नका, गेल्या वर्षीच्या जुलैशी करा. त्यातही फरक असेल तर गच्चीवर जा. बांधकामाची धूळ आणि कबुतरांची विष्ठा ही आमच्याकडची नेहमीची कारणं. पावसाने धूळ जाते, विष्ठा चिकटून राहते. पॅनेल सूर्य वर यायच्या आत धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. टँकरचं बोअरचं पाणी वापरलं तर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात पालिकेच्या पाण्याचा फिरवा. तरीही आकडा वर आला नाही तर इन्व्हर्टरच्या अॅपमध्ये प्रत्येक माळेचा करंट वेगवेगळा पाहा आणि जी माळ मागे आहे तिचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.